दोन श्रावण आणि भनपुरीची ट्रायल

गुढियारी, रायपूर
श्रावण शुद्ध पंचमी (मुद्दाम शुद्ध पक्षात लिहितो आहे, कारण पुढे येईल)

आदरणीय गंगाधरमामांना आशयचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

मामा, तुमचा गुडघा आता कसा आहे? पायऱ्या उतरताना कठडा धरता ना? ममतामामींची बीपीची गोळी चुकत नसेल अशी आशा आहे. आईला सांगा की मी वेळेवर जेवतो. मी इथे बरा आहे (बरा म्हणजे ताप वगैरे नाही, झोपेबद्दल विचारू नका). फोनच करणार होतो, पण फोनवर माझा आवाज कापतो, तुम्ही लगेच विचारता, ‘काहून बे, रडून राहिला का?’ आणि मग मी खरोखरच त्या बेतात येतो. पत्रात आवाज नसतो, आणि शुद्धलेखन दोनदा तपासता येतं.

तुम्ही मागे विचारलं होतं की मी ऑफिसात नेमकं करतो काय. माझ्या हुद्द्याचं नाव ‘प्रोजेक्ट सहायक’ आहे. म्हणजे बांधतात दुसरे, पैसे देतात तिसरे, आणि कोणी काय कधी करायचं होतं याची सगळ्यांना आठवण मी देतो, म्हणून कोणालाच मी फारसा आवडत नाही. मीटिंगची टिपणं काढणं, वेळापत्रक ठेवणं, गाडी सांगणं, काम मागे पडलं की ‘कारण’ नावाच्या रकान्यात कारण भरणं, हे सगळं माझ्याकडे. टिपणांच्या बाबतीत मी फार जपून असतो. इथे कोणालाही काहीही विचारलं की ‘हव’ म्हणतात. हव म्हणजे हो. पण काम होईल असा त्याचा अर्थ असतोच असं नाही, म्हणून नुसत्या ‘हव’पुढे मी कधीच ‘मंजूर’ लिहीत नाही, ‘ऐकलं’ एवढंच लिहितो. बी.कॉम. दुसऱ्या वर्षाला सोडलेल्या माणसाला ही नोकरी मिळाली हेच खूप आहे, आणि ती अजून पक्की नाही, हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.

भनपुरीला नागपूरच्या एका कंपनीचं गोदाम आम्ही उभारतो आहोत. पहिल्या शेडमध्ये खोकी वाहून नेणारा लांबलचक पट्टा बसवला आहे, सगळे त्याला बेल्ट म्हणतात. तो कंपनीच्या देवयानी मॅडमसमोर चालवून दाखवायचा, याला ट्रायल म्हणतात. आमच्या निरंजनसाहेबांनी मला सांगून ठेवलं होतं की ही ट्रायल ठरल्या दिवशी झाली की तुझी नोकरी पक्की. आणि दिवस ठरवायचं काम माझ्याकडेच होतं. मामा, मी तो दिवस एखाद्या स्थळासारखा पाहिला. रविवार टाळला, वीज बंद असायचा वार टाळला, मॅडमच्या गाडीची वेळ पाहिली, आणि साइटवरचे सुपरवायझर दयारामभैया यांना विचारलं की आसपास तुमचा काही सण तर नाही ना? ते म्हणाले, हरेली आहे, सावनच्या अमावसेला. मी त्यांच्यासमोर वहीत लिहून घेतलं, खोलीवर आलो, आणि तुम्ही दुकानातून दरवर्षी पाठवता ते कॅलेंडर काढून श्रावणातली अमावस्या पाहिली. तिथे पोळा होता. ट्रायल त्याच्या चांगली महिनाभर आधी येत होती. मी समाधानानं झोपलो (ती शेवटची झोप). सरकारी सुट्ट्यांची यादी पाहायला हवी होती हे मलाही आता कळतं, पण आमच्या ऑफिसला त्या सुट्ट्या नसतात, म्हणून मी ती उघडलीच नाही.

ट्रायलच्या सकाळी मॅडमना स्टेशनवरून घेऊन आम्ही भनपुरीला पोचलो तर शेडच्या दाराला कडुनिंबाच्या डहाळ्या खोचलेल्या. मला वाटलं, स्वागत. आत पाने, हातोडे, ड्रिल, घमेली सगळं धुऊन पुसून ओळीनं मांडलेलं, प्रत्येकाला गुलालाचा टिळा. बेल्टच्या बटणांच्या पेटीला झेंडूचा हार, आणि लाल बटणावर कुंकू, म्हणजे ते आणखीच लाल. कामगार अंघोळ करून, ठेवणीतले कपडे घालून, बायकापोरांसह आलेले. एका कोपऱ्यात चुलीवर गुळाचे चीले निघत होते (हे आपल्या धिरड्यासारखे असतात). एवढ्यात दयारामभैया आम्हाला सामोरे आले ते गेडीवरून. गेडी म्हणजे पाय ठेवायला खुंट्या असलेले दोन उंच बांबू, हरेलीला त्यावर चढून चालतात. त्यामुळे त्यांनी नमस्कार केला तो वरून, आणि साहेबांना मान मागे टाकून तो घ्यावा लागला.

मी हळूच म्हटलं, भैया, बेल्ट चालू करायला सांगा. ते गेडीवरूनच प्रेमानं म्हणाले, ‘‘आज औजार नइ चलावन भैया, आज तो एखर पूजा हे.’’ त्यांना वाटलं होतं की मी हरेलीची चौकशी केली ती याचसाठी, नागपूरच्या मॅडमना पूजेला बोलवायला. म्हणून त्यांनी साऱ्या पाऱ्यात (म्हणजे मोहल्ल्यात) सांगितलं होतं की या वर्षी ऑफिसचे लोकही येणार. सगळे माझ्याकडे इतक्या कौतुकानं पाहत होते की मला चुकीच्या जागी बक्षीस मिळाल्यासारखं झालं.

मॅडम तोवर साहेबांशी इंग्रजीत बोलत होत्या. आता माझ्याकडे वळून एकदम घरच्या भाषेवर आल्या, ‘‘मग मले काहून बोलावलं आज?’’ मी वहीची पानं उलटू लागलो. साहेब मात्र डोळ्याची पापणी न हलवता म्हणाले, ‘‘मैडम, नई मशीन है. पहले पूजा, फिर ट्रायल. आशय ने सोच-समझकर यही तारीख रखी है.’’ मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. ती होकाराची होती की थरथरीची, हे मला सांगता येणार नाही. त्यांनी हेल्मेट काढून डोक्यावर पदर घेतला, पेटीपुढे नारळ फोडला, मग चीला खाल्ला, मग आणखी एक खाल्ला, आणि म्हणाल्या की ठीक आहे, उद्या पाहू. दुसऱ्या दिवशी बेल्ट बिनतक्रार चालला. खोकी सगळी पलीकडे पोचली, काहींना गुलाल लागलेला, इतकंच.

मॅडम गेल्यावर साहेबांनी केबिनचं दार लावलं आणि विचारलं की तारीख कशात पाहिली होती. मी तुमचं कॅलेंडर पुढे ठेवलं. घोळ असा आहे, मामा. आपला महिना अमावस्येला संपतो, इकडचा पौर्णिमेला. शुद्ध पक्षात दोघांचा महिना एकच असतो, पण वद्य पक्ष लागला की हे लोक आपल्या एक महिना पुढे असतात. त्यांची सावनची अमावस म्हणजे आपल्या आषाढातली, दिव्यांची. साहेबांनी हे सगळं ऐकून घेतलं, कॅलेंडर उलटं करून ठेवलं, आणि उशिराच्या ‘कारण’ रकान्यात ‘स्थानिक सण’ असं लिहायला सांगितलं. नोकरी पक्की करायचं मात्र दुसऱ्या शेडच्या ट्रायलवर गेलं. या खेपेला वेळापत्रकातली एकही तारीख हलली तर आपण पुन्हा भेटायचं नाही, असं त्यांनी हिंदीत, पण सौम्यपणे सांगितलं. मी नवीन वेळापत्रक दोन्ही पंचांगं शेजारी ठेवून केलं आहे. असा घोळ माझ्या हातून आता होणे नाही.

मामी, तुमच्या हातच्या झुणक्याची इथे रोज आठवण होते. तुम्हा दोघांच्या आशीर्वादाची गरज असलेला,
तुमचा भाचा
आशय

ता. क. मामा, पत्र खरं तर यासाठी लिहिलं. दोन्ही पंचांगं पुढे होती तेव्हा माझ्या साखरपुड्याची तिथीही पाहिली. तुम्ही आणि मीनलचे वडील प्रल्हादराव, दोघांनी फोनवर कार्तिक वद्य पंचमी ठरवली. तुम्ही तुमच्या कॅलेंडरात पाहिलंत. त्यांचं घराणं चार पिढ्या रायपूरचं, त्यांचे गुरुजी इकडचं पंचांग पाहतात. म्हणजे आपण निघणार तुळशीचं लग्न झाल्यावर, आणि ते वाट पाहणार दिवाळीच्या आधी, करवा चौथच्या दुसऱ्या दिवशी. मुलाकडच्यांना चातुर्मास चालतो कसा, असं त्यांच्या मनात आलंच असेल, पण रीतीनं गप्प राहिले असतील. मांडव घालून बसतील आणि आपण येणारच नाही. मीनल काय समजेल? बोलणी तुम्ही केली होती, तेव्हा कृपा करून प्रल्हादरावांना तुम्हीच फोन करा आणि तारीख दुरुस्त करून घ्या.

ता. क. २. फोन करू नका. पाकीट बंद करणार तोच मीनलचा आला. (तिला मराठी सगळं कळतं, बोलते हिंदीत.) तिनं विचारलं, ‘‘करवा चौथ के दूसरे दिन ही है ना? तब तक भी कितने दिन हैं.’’ मी घाबरून ‘हव’ म्हटलं. मी नुसत्या ‘हव’ला होकार धरत नाही. तिनं धरला, ‘‘पक्का’’ म्हणाली आणि हसून फोन ठेवला. तेव्हा आता आपलीच तारीख अलीकडे घ्या. चातुर्मासाचं आईला तुम्ही समजवा, तुमचं ती ऐकते.

ता. क. ३. दुसऱ्या शेडची ट्रायल मी नेमकी त्याच दिवशी ठेवली होती. ती एक दिवस पुढे सरकवली आहे. ‘कारण’ रकान्यात ‘स्थानिक सण’ असं लिहिलं आहे.