डाळिंबी चादरीचे दोन फोटो

मंगळवार, संध्याकाळ

आज माझा जुना फोन जिंकला, हे लिहून ठेवायलाच हवं. अकलूजच्या शोभाताईंना लेकीच्या रुखवतासाठी डाळिंबी चादर हवी होती. बायको, सुनंदा, फोनवर फोटो पाठवून चादरी विकते; तिनं तिच्या नव्या फोनवर फोटो काढला. झकास, पण चादर लालभडक! डाळिंबी गेला कुठं? मागं एक चादर रंगावरूनच परत आली होती. मी तीच चादर दारातल्या सावलीत पसरली, माझ्या फोनवर फोटो काढला, फोन चादरीवर ठेवून रंग ताडून पाहिला. हुबेहूब डाळिंबी.

"अहो, विटल्यागत दिसतीय की. गिऱ्हाईक जाईल," बायको म्हणाली.

गेलं असतं तर? धंदा तिचा, हट्ट माझा. तरी दोन्ही फोटो पाठवायला लावले. खरा रंग दुसऱ्यातला, हेही लिहायला लावलं.

ताईंचा लगेच फोन आला. "दुसऱ्या फोटोतलीच द्या. लाल चादरी लई झाल्यात घरात."

फोटो काढायला मला कुणी शिकवलं? कुणीच नाही. धाग्यांची वीण मात्र तिच्या फोनात जास्त स्वच्छ येते. ते तिला बोललो नाही.

आत्ता तिनं हिरवी चादर आणून दारात पसरली. "बघत काय बसलाय? काढा की तुमचा फोन."