कापलेल्या फांदीचं पांढरं टोक

भाऊ, तुमच्या हाताखाली कॅमेरा धरायला शिकलेल्या आम्हा सगळ्यांची एक तक्रार आहे, आणि ती कुणीच उघड बोलत नाही, कारण तुम्ही आता नाही. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलणार आहे. खाणीविरुद्ध बोलले, झाडतोडीविरुद्ध बोलले, माईक हातात आला की मला थांबवावं लागतं. पण तुमचं नाव निघालं की इतकी वर्षं माझं तोंड बंद होतं. पाखराचा धारदार फोटो कसा काढायचा हे तुम्ही आम्हाला शिकवलंत. तो काढताना हात कुठे आवरायचा, ते शिकवलं नाहीत.

शिकवणं चोख होतं, ते मी नाकारत नाही. वीज केंद्रातली पाळी संपवून तुम्ही ऊर्जानगरच्या क्वार्टरमागे आम्हाला मातीत बसवायचात. समोर साळुंक्या. "उभी राहून काऊन काढतं? खाली बस. पाखराच्या डोळ्याच्या बरोबरीनं ये." फोकस डोळ्यावर, दुसरीकडे कुठेही नाही. शटरचा वेग हजारच्या खाली उतरवायचा नाही. कोपरं छातीला, श्वास अर्धा सोडलेला, बटण दाबायचं ते हळू. माझा पहिला फोटो तुम्ही सगळ्यांसमोर वर धरलात. "पाखरू हाय का धुकं हाय हे?" सगळे हसले. दुसऱ्या रविवारी मात्र तुम्ही माझ्यासाठी एक उशी आणलीत, जुन्या पँटचा पाय कापून, आत धान भरून स्वतः शिवलेली. तिच्यावर लेन्स टेकवली की हात थरथरत नाही. ती अजून माझ्याकडे आहे. तुमच्यावर मनसोक्त चिडू म्हटलं तरी ती उशी आड येते.

नागभीडच्या पुढे, नाल्याकाठच्या बांबूत स्वर्गीय नर्तकाचं घरटं आहे असं तुम्हाला कळलं, तेव्हा मे महिना होता. आपण दोघंच गेलो. घरटं खांद्याच्या उंचीवर, वाटीएवढं, कोळ्याच्या जाळ्यानं घट्ट बांधलेलं. आत तीन पिल्लं. पूर्वेकडून पानांची एक भरगच्च फांदी घरट्यावर आडवी आलेली, त्यामुळे सगळा काळोख. नर चोचीत किडा घेऊन येतो, ती लांब पांढरी शेपटी हलते आणि फोटोत नुसता पांढरा फराटा उमटतो. तुम्ही चिडता. "इतक्या अंधारात हजारचं शटर बसनच कसं?" मग पिशवीतून बागेतली कात्री काढून माझ्या हातात देता. "ते फांदी उडव."

मी उडवली. हे मी आजवर एकाही सभेत सांगितलेलं नाही. कात्री माझ्या हातात होती.

तेवढ्यात जंगलातल्या गावची एक बाई तेंदूपत्त्याचं ओझं डोक्यावर घेऊन नाल्यातून वर आली. "का करून राह्यले जी?"

"फोटो काढून राह्यलो, बाई."

"फोटोले झाड कापा लागते?"

"उजेड पाह्यजे ना."

"उजेड तुमाले पाह्यजे. त्याइले सावली पाह्यजे. उद्या तुमच्या घरावरचं छप्पर काढतो अन् मंग म्हणतो, हसा, फोटो काढून राह्यलो!" ती स्वतःच खळखळून हसली. तुम्हीही हसलात. "एक फांदी तं हाय बाई. जंगल कुठी जात नाई."

ती गेली. उजेड आला. नर आला, आणि तुम्ही तो फोटो काढलात.

दुसऱ्या दिवशी आपण पुन्हा गेलो तेव्हा दुपार होत आली होती. चंद्रपूरचं मेमधलं ऊन तुम्हाला मी काय सांगायचं? मादी घरट्याच्या काठावर उभी होती, पंख अर्धे पसरून, चोच उघडी टाकून. तिच्या पंखांची सावली पडत होती तेवढीच. खाली तिन्ही पिल्लं माना टाकून पडली होती. मादी काही हटेना. मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही घड्याळाकडे पाहिलंत. "मरतेच पाखरं जंगलात. चाल, पाळीले उशीर होईन."

त्या फोटोला बक्षीस मिळालं. आता तो आपल्या छायाचित्र मंडळाच्या खोलीत, तुमच्या हार घातलेल्या फोटोशेजारी लटकतो, आणि येणाऱ्या प्रत्येक नवशिक्याला सांगितलं जातं, बघा, धार म्हणजे काय. मागच्या आठवड्यात तिथेच कोरपन्याचे एक शिक्षक मला आपला फोटो दाखवायला आले. घरटं, पिल्लं, सगळं लख्ख. कोपऱ्यात नुकत्याच कापलेल्या फांदीचं पांढरं टोक. मी विचारलं, हे कुठे शिकलात? ते अगदी निरागसपणे म्हणाले, "भिंतीवरच्या फोटोतून, मॅडम. त्यातबी आहे ना तसंच." मी उठून पाहिलं. खाली डाव्या कोपऱ्यात आहे, भाऊ. इतका धारदार फोटो, की माझ्या कात्रीचा तिरपा कापसुद्धा त्यात दिसतो. इतकी वर्षं आम्ही फक्त डोळा पाहत होतो.

मी त्यांना सांगितलं, तेच तुम्हाला सांगते. उजेड कमी असेल तर कॅमेऱ्याचा आयएसओ वाढवा, फोटोत दाणे येऊ द्या. पाखरू उघड्या फांदीवर येईपर्यंत बसून राहा. नाही आलं तर घरी जा. घरट्याकडे लेन्स वळवूच नका. ही अक्कल तुमच्याकडे होती. तुम्ही आम्हाला तासन् तास साळुंक्यांपुढे बसवलंत, आणि स्वतःला दोन दिवस दम धरवला नाही.

पत्र तुम्हाला पोचणार असतं तर मी लिहिलं नसतं, एवढा धीर माझ्यात नाही. म्हणून आणखी एक सांगून टाकते. त्या वर्षी मला राग आला होता, तो पिल्लांसाठी नव्हता. फोटोखाली तुमचं एकट्याचं नाव होतं, माझं नव्हतं, म्हणून आला होता. पिल्लांसाठीचा राग नंतर आला, फार उशिरा.

बांबूत पुन्हा घरटी बांधली जातायत. रविवारी नवे लोक येतील, कोरपन्याचे गुरुजीही येतील. त्यांच्यासमोर उभी राहून मी आधी कात्रीचं सांगेन आणि मग मंडळातल्या सगळ्यांना एवढंच म्हणेन: तो फोटो भिंतीवरून आत्ता उतरवा.