कोंबड्याचा आवाज बंद करण्याबाबत

६ मे
कंपाउंडच्या भिंतीवर कुठून तरी एक कोंबडा येऊन बसलाय. स्मृती नगरात आमच्या लाइनीत कुणी कोंबड्या पाळत नाही, म्हणजे मालक सापडणार नाही. तुरा डावीकडे कललेला, शेपटीत दोन पिसं कमी. समोरच्या बेबीताई म्हणाल्या, पहाटेपासून बोंबलून राहिला, डोळ्याला डोळा नाही. शेजारचा ओमप्रकाशही तेच म्हणाला, हिंदीत. मी गाढ झोपलो होतो. पंचवीस वर्षं पोलादाच्या भट्टीवर क्रेन चालवली, तीही कानात बोळे न घालता. बोळे कच्च्या माणसांसाठी.

९ मे
कोंबडा आता माझ्या स्कूटरच्या सीटवर मुक्कामाला. बायको रुक्मा त्याला तांदूळ टाकते, म्हणून गल्लीनं तो आमच्या नावावर चढवला. ठीक आहे. जबाबदारी घेतली. आरवायला कोंबड्याला मान पूर्ण ताणावी लागते. ताणू दिली नाही की विषय संपला. हे मला कुणी शिकवलेलं नाही. मॅट्रिकनंतर जे शिकलो ते स्वतःच.
बावीस तारखेला मेडिकल. पास झालो की रिटायरमेंटपर्यंत क्रेन माझीच. फॉर्मॅलिटी.
डोअरबेल बदलली. नवीही बोगस.

११ मे
जुन्या सेफ्टी शूजच्या वेल्क्रोचा पट्टा बनवून कोंबड्याच्या गळ्यात बांधला. एक बोट जाईल इतका सैल, म्हणजे श्वास चालू, दाणा चालू, आवाज बंद. रुक्मानं धरला, मी बांधला. मनगट ओरबाडलं. क्षुल्लक.

१२ मे
पहाटे खिडकीशी बसून निरीक्षण केलं. कूलर चालू होता. कोंबड्यानं पंख झटकले, मान वर केली, चोच पूर्ण उघडली. आवाज शून्य. पुन्हा. पुन्हा शून्य. जांभई देतोय असं वाटावं. पट्टा सक्सेस.
बेबीताईंना कळवायला गेलो. त्या म्हणाल्या, "भाऊ, तुमी आमची मजाक करून राहिले काय?" समजावून सांगितलं की सवयीमुळे माणसाला नसलेला आवाज ऐकू येतो. मानसिक आहे. त्यांनी दार लावलं. जरा जोरातच लावलं असावं, पडदा हलला.

१४ मे
ओमप्रकाशनं पुरावा म्हणून मोबाइलवर रेकॉर्डिंग आणलं. नुसती खरखर. स्पीकर दुरुस्त कर म्हणालो. त्यानं रुक्माकडे पाहिलं, रुक्मानं जमिनीकडे.
आमच्या प्रफुलचा पुण्याहून फोन. हा मुलगा आयटीत गेल्यापासून तोंडातल्या तोंडात बोलतो. रुक्मा मात्र हल्ली शांत झालीय. आधी दिवसभर बोलायची. वयानं समज येते.

१७ मे
शिफ्टमध्ये किरकोळ प्रकार. वितळलेल्या पोलादाची बादली क्रेननं नेत होतो. खालून सिग्नल देणाऱ्या राजदीपनं वॉकीटॉकीवर थांबा म्हटलं म्हणे. सेट खराब. हात हलवताना दिसला तेव्हा थांबवलं. खाली दोन माणसं होती. राजदीप शिडी चढून केबिनमध्ये आला, घामाघूम.
"काका, मी तीनदा ओरडलो."
मी म्हणालो, ओरडू नको, हात दाखव. मी हातावरच काम शिकलोय. रिपोर्ट करणार नाही म्हणाला. करण्यासारखं होतंच काय?
तरी झोप आली नाही.

२० मे
रुक्मानं अगदी तोंडाशी येऊन सांगितलं, "कोंबडा रोज आरवते. तुमाले ऐकू येत नाही. मेडिकलच्या आधी कान दाखवा."
म्हणजे तीही बेबीताईंच्या पार्टीत. कानात कोमट तेल घातलं. मळ असेल. बाकी काही नाही.

२२ मे
मेडिकल. काचेच्या खोलीत बसवून कानावर हेडफोन. आवाज आला की बटण दाबायचं. बाहेर उन्नती नावाची टेक्निशियन मशीन चालवत होती. मी तिच्या हातावर नजर ठेवली. हात हलला की बटण. एकही चुकवलं नाही. पंचवीस वर्षांचा अनुभव. मध्येच तिनं ओढणी सावरली, मी तेव्हाही दाबलं. मग तिनं काचेवरचा पडदा ओढला.
त्यानंतर मशीन बंद पडलं असावं. बराच वेळ काही आलंच नाही.

२४ मे
क्रेनसाठी अनफिट. सोमवारपासून टूलरूम, पाने-पकडी मोजायला. केबिनमधला डबा आणि पंखा राजदीपनं खाली आणून दिला. मान वर केली नाही त्यानं.
रुक्माला सांगितलं, जनरल शिफ्ट मागून घेतली, प्रकृतीला बरी. ती बरं म्हणाली. ओठांवरून कळलं.

३० मे
कानाचं मशीन आणलं. गरज म्हणून नाही, टेस्टिंगसाठी. पहाटे घरात कुणाला न दाखवता लावलं.
कोंबडा आरवतो. पट्ट्यासकट आरवतो. भयंकर आवाज आहे. बेबीताईंची माफी मागायला हवी. पुढच्या आठवड्यात बघू.
मग अंगणातून रुक्माचा आवाज आला. तांदूळ टाकत त्याच्याशी बोलत होती.
"क्रेन गेली रे यांची. मले सांगतलं नाही. राजदीपनं सांगतलं. मीबी काई बोलली नाही. वरडून वरडून गळा गेला माहा, आता तुलेच सांगते बापा."
बरंच बोलली. सगळं स्पष्ट आलं. मशीनची क्वालिटी चांगली आहे.
काढून डबीत ठेवलं. बॅटरी वाचते.