डाव्या पायाचं माप

रविवार, ९ मार्च

तीर्थरूप आईस,

साष्टांग नमस्कार. मी मजेत आहे, वेळेवर जेवतो, खोकला गेला. तुझे तीन प्रश्न पहिल्याच ओळीत निकालात काढले. अक्षराला हसू नकोस. सहावीत शाळेला रामराम ठोकला तेव्हा अक्षरही तिथेच राहिलं. हे फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर एकतर तू रडतेस, नाहीतर मी ठेवून देतो. म्हणून कागद.

रबराच्या कारखान्यातली नोकरी अजून आहे. सात महिने झाले! खोलीतला सोबती (घोरतो म्हणून आम्ही त्याला भोंगा म्हणतो) रोज विचारतो, "काय रे, आज सोडलीस का?"

आता मुद्द्याचं. ताईने चहाडी केली, तिला रागवू नकोस. मी पाठवलेले बूट घालून तू आठ दिवस होडीसारखी डोलत होतीस म्हणे. आणि मला फोनवर काय सांगितलंस? "छान बसलेत रे, अगदी यांच्या हातचे वाटतात." अगं आई! आखूड पाय तुझा डावा, आणि जाड तळ मी लावला उजव्याला. आधीच दीड इंचाचा खड्डा, त्यात शेजारी दीड इंचाचा डोंगर. आणि त्यावर उभी राहून तू माझं कौतुक करतेस!

असं कसं झालं ते सांगतो. लहानपणी मी अण्णांच्या दुकानाच्या उंबऱ्यात कातड्याच्या तुकड्यांशी खेळत असायचो. तू आत स्टुलावर, माझ्याकडे तोंड करून. जाड तळाचा बूट मला नेहमी माझ्या उजव्या हाताला दिसायचा. बूट करायला बसलो, डोळे मिटले, तेच चित्र दिसलं, दिला ठोकून. तू समोर बसायचीस, म्हणजे माझा उजवा तो तुझा डावा, हे डोक्यातच आलं नाही.

अण्णांच्या हातून असं झालं नसतं. फळीवर सगळ्या गिऱ्हाइकांची कलबुतं होती ना, ती लाकडी पावलं, चिठ्ठ्या लावलेली? बँकेतल्या साहेबांची, शाळेतल्या बाईंची. गिऱ्हाइकाला यायचीही गरज नाही, कलबुतावर बूट तयार. फक्त तुझं नव्हतं. तुझं माप दर सहा महिन्यांनी नव्याने. आधी तुझा पाय स्वतः कोमट पाण्याने धुणार, मग कागदावर ठेवून पेन्सिल फिरवणार, आणि तू ओरडणार, "अहो, माप घेताय की चेष्टा करताय? लोक बघतायत!"

मी एकदा अक्कल पाजळली होती. म्हटलं, "अण्णा, आईचंही एक कलबूत करून टाका की. एकदाच काय ते काम." तोंडातले खिळे काढून म्हणाले, "लाकडाला गुदगुल्या होत नाहीत रे."

त्या खिळ्यांचीही गंमत. तोंडात डझनभर खिळे धरून बोलायचे आणि ते बोलणं जगात फक्त तुला कळायचं. ते "हूं मम् हूं" म्हणायचे आणि तू म्हणायचीस, "आणते, पण साखर कमीच घालणार." माझ्यावर मात्र चिडतानाही खिळे काढून चिडायचे, म्हणजे मला नीट कळावं. दगड लाथाडून माझ्या बुटांची टोकं फाटायची, तर ते टोकांना दुहेरी कातडं लावायचे. ताईला म्हणायचे, "याच्या पायाला भिंगरी आहे. अडवून थांबायचा नाही, निदान बोटं तरी शाबूत राहू देत."

आणि तो आठवडा! तुझी कंबर का दुखते ते कळेना, तर स्वतःच्या डाव्या बुटाची टाच उपटून आठवडाभर लंगडत हिंडले. गल्लीतला न्हावी रोज विचारायचा, "कुठे पडलात?" आठव्या दिवशी त्यांचीही कंबर धरली. "आता कळलं कुठे दुखतं ते," म्हणाले, आणि तुझ्या टाचेला आतून मऊ गादी घातली. आनंद असा की जणू बढती मिळाली.

ताईचा फोन आल्यावर मीही टाच उपटली. चार दिवस तसाच कामावर गेलो. भोंगा म्हणाला, "तुझ्या आईने आठ दिवस काढले? तिचे पाय धर बाबा." तेच करणार आहे.

पण आधी एक सांगायचं आहे. इतकी बडबड त्यासाठीच चालली होती.

अण्णा आजारी पडायच्या आदल्या आठवड्यात त्यांचा फोन आला होता. "भिंगरी, आठ दिवस ये. तुझ्या आईच्या पायाचं माप दाखवून ठेवतो." शब्द अगदी स्पष्ट, तोंडात एकही खिळा नव्हता. मी हसून म्हटलं, पुढच्या खेपेला. मग त्यांना ताप आला, ताईने बोलावलं, आणि मी सांगितलं, सुट्टी मिळत नाही.

आई, सुट्टी मागणार कुणाकडे? मला तेव्हा नोकरीच नव्हती. स्टेशनवर गेलो होतो. तिकीटही काढलं होतं. गाडी आली, थांबली, गेली. वाटलं, अण्णांनी कातडं टोचायची आरी हातात दिली तर मला नाही म्हणता येणार नाही, आणि मग त्या दुकानातून पाय निघायचा नाही. त्यांचं-माझं भांडण असतं तर बरं झालं असतं. भांडण नव्हतंच. तिसऱ्या दिवशी ते गेले. तू सगळ्यांना सांगितलंस, पोराला सुट्टी मिळाली नाही हो. ते तू खरं मानलंस, की बुटांसारखंच छान बसलं म्हणालीस, मला माहीत नाही.

आता मात्र मुकादमाकडे खरी सुट्टी मागितली, जन्मात पहिल्यांदा. पंधरा दिवस मिळाली, वर तुझ्या बुटाच्या तळासाठी उत्तम रबराचा तुकडा. गुरुवारचं तिकीट आहे. भोंग्याला बजावलंय, मला गाडीत बसवून, गाडी हलल्यावरच परत फिरायचं. दुकानाची किल्ली ताईकडून घेऊन ठेव.

कायमचा दुकानात बसेन असं लिहीत नाही. खोटं एकदा झालं तेवढं पुरे. पण तुझं कलबूत मीही करणार नाही. म्हणजे दर सहा महिन्यांनी मला यावंच लागेल.

तोवर माझे ते बूट काढून ठेव. पाय धुऊ नकोस, ते माझं काम. आणि गुदगुल्या झाल्या तर खुशाल ओरड, लोक बघू देत.

तुझ्या डाव्या पायाशी बसायला निघालेला,
भिंगरी