लोडर क्रमांक तीनचे स्टीअरिंग पूर्ववत बिघडवून मिळणेबाबत

प्रति,
मा. व्यवस्थापक साहेब,
दगडखाण व खडी क्रशर,
खाण कार्यालय (पाडलेले)

विषय : वरीलप्रमाणे, तसेच अर्जदारास कामावरून न काढणेबाबत.
संदर्भ : आपली नोटीस, 'जाणूनबुजून हल्ला केल्याबद्दल बडतर्फ का करू नये?'

महोदय,

आपले कार्यालय लोडर क्रमांक तीनने भुईसपाट केले असून आपला पाय प्लास्टरमध्ये आहे. तथापि असे काही घडलेच नाही, असे समजून हा अर्ज शिरस्त्याप्रमाणे आपल्या टेबलावर ठेवला आहे. टेबल लोडरच्या बकेटमध्ये आहे.

१) अर्जदार हा सदर जुन्या लोडरचा एकमेव ऑपरेटर. मागे मशीन खोलले तेव्हा फिटरने, म्हणजे अर्जदाराच्या दाजींनी, स्टीअरिंगचे दोन होज (तेलाच्या रबरी नळ्या) अदलाबदल करून जोडले. तेव्हापासून स्टीअरिंग उजवीकडे फिरवले की लोडर डावीकडे वळे. "पुन्हा कोण खोलत बसणार? तूच हात उलटे चालव," असे दाजी म्हणाले. अर्जदाराने चालवले. हाताला असे वळण पडले की मोटारसायकलवर पत्नी मागे बसत नाही.

२) अलीकडे स्टीअरिंग जड झाले. दाजींनी तेल पाहिले, पुरेसे होते. टायरमधली हवा ठीक होती. मशीनच्या कमरेतल्या पिना घणाने बडवल्या, पंपाचा दाब मोजला, पंपाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. शेवटी एक होज आतून सुजून बंद झालेला सापडला. त्यांनी दोन्ही होज नवे टाकले आणि आयुष्यात प्रथमच बरोबर जोडले. हे अर्जदारास सांगितले नाही. "आता लोण्यासारखं वळेल बघ, मेव्हण्या," एवढेच बोलून हात पुसत निघून गेले.

३) लोडर बाहेर काढताच डाव्या हाताला आपले कार्यालय आले. ते टाळण्यासाठी अर्जदाराने सवयीने स्टीअरिंग डावीकडे फिरवले. जितक्या जोराने वाचवले, तितक्या जोराने बकेट आत घुसले. भिंत फुटली, कपाटाची घडी झाली, पंखा फिरत फिरत खाली आला. आपण खिडकीतून उडी मारून ज्या बाजूला पळालात, त्याच बाजूला लोडर वळला. बघणाऱ्यांस तो पाठलाग वाटला. तो बचाव होता. ब्रेक का दाबला नाही, असे नोटिशीत विचारले आहे. ब्रेकबाबतचा अर्ज आपल्या टेबलाच्या खणात आहे.

४) खडीच्या ढिगात लोडर थांबल्यावर हेडक्लार्कने अर्जदाराच्या कपाळावर पंचिंग मशीन मारले. नंतर अर्जदार पाना घेऊन दाजींकडे गेला. त्यात दाजींचा एक दात व अर्जदाराची एक बरगडी कामी आली. बहीण दोघांशीही बोलत नाही.

सबब, या वयात हात सुलटे होणार नाहीत आणि दुसरे काम येत नाही, हे ध्यानी घेऊन होज पुन्हा अदलाबदल करून मिळावेत. चाचणीच्या वेळी आपण नव्या कार्यालयात, दार लावून, लोडरसमोरच्या खुर्चीवर बसून राहावे. आपणास काही न झाल्यास अर्जदाराचा हेतू शुद्ध होता असे समजावे. काही झाल्यास हा अर्ज रद्द समजावा.

आपल्या पायास लवकर आराम पडो, या इच्छेसह,
ऑपरेटर, लोडर क्रमांक तीन
दिनांक : नोटिशीच्या मुदतीतला

सोबत : दाजींचा दात (मूळ प्रत). काम झाल्यावर परत मिळावा.