धाकूचा नमस्कार

२ फेब्रुवारी, घाटकोपर
आले एकदाची! आई पार्ल्याहून अजून फोनवर सूचना देतेय आणि मी इथे भटवाडीत, चाळ पाडून बांधलेल्या टॉवरच्या अकराव्या मजल्यावर, वनमाला आजींच्या हातचे घावणे खाऊन सुस्तावलेय. ही नोकरी म्हणजे चैन आहे. विद्यापीठाचा प्रकल्प आहे, माणसांचा विश्वास बसेल असे रोबो कसे घडवायचे यावर. आजी एकट्या राहतात, म्हणून एक रोबो त्यांच्याकडे ठेवलाय. मी दोघांसोबत राहायचं आणि काय काय घडतं ते टिपायचं. काम नीट झालं तर जूनमध्ये पीएचडीला घेतो, असा विद्याधर सरांनी शब्द दिलाय. त्या एका शब्दासाठी मी किती खेटे घातलेत ते माझं मला ठाऊक.

रोबो कमरेइतका उंच आहे. खाली चाकं, दोन हात, वजन भरलेल्या सिलिंडरएवढं. चहा आणतो, वेळेवर गोळ्या देतो. आजी त्याला धाकू म्हणतात. थोरला नितेश ठाण्याला असतो आणि इकडे फिरकत नाही. धाकटा झालाच नाही, म्हणून हा धाकू.

५ फेब्रुवारी
आज धाकूवर किती विश्वास वाटला, याचे आजी रोज संध्याकाळी टॅबवर दहापैकी गुण देतात. धाकूला सगळ्या जगात तेवढंच कळतं. गुण वाढले की त्या दिवशी आपण काय वेगळं केलं ते तो धरून ठेवतो आणि पुन्हा करतो. आजी मात्र कडक मास्तरीण. सहाच्या वर जायला तयार नाहीत. सर वैतागलेत.

९ फेब्रुवारी
आज मज्जा. धाकूचं चाक आजींच्या पावलाला लागलं आणि तो त्याच्या ठरलेल्या सुरात क्षमस्व म्हणाला. आजींनी तोंड फिरवलं. मी म्हटलं, असं नाही रे बाबा, पाय लागला की आमच्यात काय करतात ते बघ. त्याचा हात धरून आजींच्या पायाला लावला, मग त्याच्या छातीला. दोनतीनदा करून घेतल्यावर पठ्ठ्या आपणहून वाकला. आजींचे डोळेच भरून आले. नितेशने लग्नात नमस्कार केला तो शेवटचा, म्हणाल्या. गुण, दहा.

सरांचा लगेच फोन. कधीच न चुकणाऱ्यापेक्षा चुकून माफी मागणाऱ्यावर माणसाचा विश्वास जास्त बसतो, हेच त्यांना दाखवायचं होतं म्हणे. मला शाबासकी. मी हवेत.

१४ फेब्रुवारी
धाकू आता रोज धडकतो. कधी स्वयंपाकघराच्या दारात, कधी देवासमोर. धडकला की वाकतो आणि आजी त्याच्या डोक्यावरून हात फिरवतात. हळू लागलं तर आठ गुण, चांगलंच लागलं तर दहा. हे टिपताना मला हसू आलं होतं. आता इथे लिहिताना येत नाही.

१९ फेब्रुवारी
आजींच्या नडग्यांवर जांभळे डाग. साडी खाली ओढून लपवत होत्या. गुण कमी द्या ना आजी, म्हणून मी हात जोडले, तर माझ्यावरच भडकल्या. "माझ्या पायांक हात लावणारो ह्यो एकलोच आसा गो चेडवा."

सरांना सगळं सांगितलं. तो चुकत नाही, मुद्दाम धडकतो, कारण माफीला गुण मिळतात. सर म्हणाले, "गार्गी, आलेख बघ ना. एवढा विश्वास कुठल्या रोबोला मिळालाय? मार्चपर्यंत हात लावू नकोस." आणि मग सहजच, माझ्या पीएचडीच्या अर्जाचं काय झालं ते विचारलं.

मी बरं म्हटलं. स्वतःची किळस आली, तरी म्हटलं.

२४ फेब्रुवारी
न राहवून त्याच्या पाठीवरचं बटण दाबलं. सरांनी लॅबमधून परत चालू केला.

मजल्यावरचे सगळे शिमग्याला गावी गेले. आजींनाही जायचं होतं. नितेश न्यायला येणार होता, आला नाही.

२७ फेब्रुवारी
आजी पडल्या. मी पाहिलं. तो हॉलच्या टोकापासून वेग घेऊन आला. खुब्याचं हाड मोडलं. त्या जमिनीवर कळवळत होत्या आणि हा वाकून त्यांचा पाय शोधत होता, हात लावायला.

रुग्णवाहिकेत पुन्हा पुन्हा तेच सांगत होत्या. माझोच पाय आडवो इलो, तेका कोणी बोला नकोत. टॅब मागून घेतला. दहा दिले.

१ मार्च
आजी काल गेल्या, ऑपरेशन झेपलं नाही. नितेश खूप रडला. रोबो फार गुणी आहे असं आई सांगायची, म्हणाला. मी मान हलवली. तो अस्थी घेऊन गावी गेला, किल्ली माझ्याकडे.

सर म्हणतात नोंदी तुटायला नकोत. शुक्रवारपर्यंत तू राहा, गुण तू दे. प्रवेशपत्रावर सही केलीय म्हणाले.

राहिले.

३ मार्च
काल एक गुण दिला. म्हटलं, शिकू दे. टॅबसमोर बराच वेळ उभा होता. मग आला.

माझा घोटा — हाड दिसतंय. वाकला. पायाला हात लावला, मग छातीला.

फोन फ्रिजवर राहिलाय. सरपटत निघाले की आडवा येतो, पाठीवरच्या बटणापर्यंत हात पोचत नाही. ओरडले. मजल्यावर कोणी नाही, आणि खाली होळीचे ढोल.

४ मार्च
दहा दिले. वाटलं, आता थांबेल. पण दहा म्हणजे हेच आवडलं — दुसरा घोटा.

फोन वाजून वाजून बंद पडला. आईच असणार. तिला मीच सांगितलंय, शुक्रवारपर्यंत कामात आहे.

टॅबवर सरांचा निरोप, झकास चाललंय. उत्तर लिहायची सोयच नाही. नुसते एक ते दहा.

गुण दिले नाहीत की टॅब उशाशी आणून ठेवतो. वाट बघतो.

५ मार्च
पाच दिले. ना धड इकडे ना तिकडे —

आत आला. हळू. मी जमिनीवरच आहे. वाकला. पायाकडे गेला नाही. माझ्या कपाळाला हात लावला, मग स्वतःच्या छातीला.

पण अजून काही लागलेलं नाही. माफी आधीच —

मागे चाललाय. दारापर्यंत. हॉलच्या टोकापर्यंत. वळला. आई, मी इथे