अकरा वर्षांच्या दाढा सुनेच्या नावावर करण्याबाबत

प्रति,
मा. नोंदणी अधिकारी,
दंतसेवा क्रमांक विभाग,
आरोग्य कार्यालय, दुसरा मजला.

विषय : माझ्या क्रमांकावर नोंदलेले अकरा वर्षांचे काम सुनेच्या क्रमांकावर वर्ग करणे व तिचा क्रमांक रद्द न करणेबाबत.

संदर्भ : आपली एकाच दिवशी, एकाच पोस्टमनने आणलेली दोन पत्रे.

महोदय,

१. पहिल्या पत्रान्वये, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षीही सर्वाधिक रुग्णांवर उपचार केल्याबद्दल आपण माझा सत्कार योजिला आहे. दुसऱ्या पत्रान्वये, माझी सून दंतवैद्य असूनही तिने अकरा वर्षांत एकाही रुग्णाच्या तोंडात डोकावलेले नाही, सबब तिचा सेवा क्रमांक रद्द का करू नये, अशी विचारणा करून तिला सोमवारी सुनावणीस बोलावले आहे. तो रद्द झाल्यास तिला पुन्हा परीक्षा देऊन दोन वर्षे कोणाच्या तरी हाताखाली काढावी लागतील. दोन्ही पत्रे चुकीची आहेत आणि चूक सर्वस्वी माझी आहे.

२. सेवा क्रमांक मिळाला तेव्हा माझी पक्की समजूत झाली की, गाडीचा नंबर जसा गाडीचा, तसा हा रुग्णाच्या खुर्चीचा. म्हणून मी तो पितळी पट्टीवर कोरून खुर्चीच्या पाठीला चार स्क्रूंनी आवळला. पुढे सून दवाखान्यात आली, तिलाही वेगळा क्रमांक आला. खुर्ची एकच. एका म्यानात दोन तलवारी कशाला, म्हणून तिचा कागद मी कपाटात ठेवला आणि सगळे काम पट्टीवरच्याच क्रमांकावर नोंदवीत गेलो. बाबा, नंबर माणसाचा असतो, असे तिने दोनदा सांगितले. मी काय इतकी वर्षे गवत उपटत होतो, असे मी तिला सुनावले. तिसऱ्यांदा सांगण्याऐवजी ती पुढच्या रुग्णाकडे वळली.

३. जुनी खुर्ची शेजारच्या न्हाव्याला दिली तेव्हा पट्टी मी आठवणीने काढून घेतली. ती काढली नसती तर तो दात उपटायला मोकळा झाला असता, अशी मला धास्ती होती. तरी खबरदारी म्हणून त्याला तसे बजावूनही आलो. तो बिचारा हो म्हणाला.

४. क्रमांक म्हणजेच परवाना, हीही माझी एक समजूत. दोघांच्याही परवान्यांचे नूतनीकरण सून गुपचूप करीत होती म्हणून निभावले. आपल्या खिडकी क्र. ३ वरील बाईंनी परवा मला शांतपणे समजावले की, दवाखाना बदलो वा खुर्ची, माणसाचा क्रमांक तोच राहतो आणि एकाचे काम दुसऱ्याच्या क्रमांकावर लिहीत नाहीत. घरी येऊन हे सांगितले, तर सौ. म्हणाली, आपली सून वेगळे काय सांगत होती?

५. वस्तुस्थिती अशी की, सत्तराव्या वर्षीच माझे हात थरथरू लागले. तेव्हापासून मी दाराशी बसून रुग्णांना धीर देतो, एवढेच. काम सगळे तिचे.

६. पुराव्याशिवाय नोंद बदलत नाही, असे बाई म्हणाल्या. पुरावा आपल्याच दप्तरी आहे. गेल्या वर्षीची एक नोंद कृपया काढावी. रुग्ण मी, दंतवैद्यही मीच. मी स्वतःला भूल देऊन, स्वतःची आडवी अक्कलदाढ, चार तुकड्यांत, स्वतःच काढली, असे तीत नमूद असून तपासनिसांनी ते मंजूरही केले आहे. उमेदीतही मी इतका हुशार नव्हतो. दाढ सुनेने काढली. पाऊण तास मी सौ.चा हात धरून होतो.

७. तरी सत्कार रद्द करावा आणि ती अकरा वर्षे जिची तिला द्यावीत, ही विनंती. सोमवारी मी तिच्यासोबत हजर राहीन व जबडा तपासणीसाठी उघडून देईन. इतके सफाईचे काम मला जन्मात जमले नाही, हे मी शुद्धीवर राहून लिहून देत आहे.

आपला नम्र व उशिरा शहाणा झालेला,
(सही)
निवृत्त दंतवैद्य
दिनांक : ३ मार्च

सोबत : १) सत्काराचे पत्र, परत. २) पितळी पट्टी, स्क्रूंसह.

प्रत : सूनबाईंस माहितीसाठी. समोर बसून सांगायला धीर झाला नाही.